नाळीवरचा हात

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. खरं सांगायचं तर एका जुन्या होडीचा पुढचा तुकडा आहे; बाकीची मी कुठे आहे, ते पुढे येईलच. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगू लागल्या की हळव्या होतात, सुस्कारे टाकतात, असं तुम्ही शाळेच्या निबंधांत वाचलं असेल. मला ते जमेलसं वाटत नाही. मी रागावलेली आहे, आणि राग बाजूला न ठेवताच सांगणार आहे.

माझा जन्म मालवणच्या उत्तरेला, एका लहानशा वाडीच्या पुळणीवर झाला. ज्याने मला करून घेतलं तो पेद्रू तेव्हा तरुण होता, नुकतं लग्न झालेलं होतं. त्याने स्वतः आंब्याचं झाड निवडलं, आणि बाळा मेस्ताने माडांच्या सावलीत माझ्या फळ्या कापल्या. माझ्या अंगात एकही खिळा नाही. फळीच्या कडेला भोकं पाडायची, दोन फळ्यांमध्ये काथ्या ठासायचा आणि सुंभाने त्या एकमेकींना शिवून टाकायच्या, अशी आमची जात. लाट आली की खिळ्यांची होडी ताठ उभी राहते आणि एक दिवस तडकते. शिवलेली होडी जरा वाकते, लाटेला वाट देते आणि पुन्हा सरळ होते.

माझं सुंभ क्लाराने वळलं आणि पुढच्या टोकाची शेवटची शिवणही तिनेच घातली. क्लारा म्हणजे पेद्रूची बायको. ती डावखुरी. सगळं जग ज्या बाजूला पीळ देतं, त्याच्या उलट्या बाजूला तिचा पीळ जायचा. बाळा मेस्त वैतागायचा.

"वयनी, ह्यो पीळ उलटो आसा. ह्या सुंभान शिवलंय तर तुमची होडी मागे चलतली!"

"चलांदे मागे," क्लारा मान वर न करता म्हणायची. "निदान घोव तरी येळेर घराक येतलो."

मी मागे चालले नाही. पण पेद्रू मात्र खरंच वेळेवर घरी यायचा. माझ्या नाळीवर, म्हणजे अगदी पुढच्या उभ्या लाकडावर, त्याने निळ्या रंगाने नाव लिहिलं: क्लारा. मग वाडीत दोन क्लारा झाल्या आणि थट्टेला कारण मिळालं. दर काही दिवसांनी पेद्रू मला उंडीच्या बियांचं उंडेल तेल चोळायला बसला की दारातून आवाज यायचा, "तिका तेल चोळतंस, आनी माज्या पायांक कोण चोळतलो?"

"तू खंय दर्यात जातंस?" पेद्रू विचारायचा. संध्याकाळी मात्र तेलाची वाटी घरात जायची, हे मी पाहिलेलं आहे.

मी रापणीची होडी. तुमच्यातल्या ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर धरून ठेवायचं, होडीने समुद्रात मोठा अर्धा फेरा मारत जाळं सोडत जायचं आणि दुसरं टोक किनाऱ्याला आणायचं. मग सगळी वाडी दोन्ही दोऱ्या ओढते. हिंदू, ख्रिस्ती, म्हातारे, बाया, सुट्टीला आलेले पाहुणे, सगळे. जो दोरीला हात लावील त्याला मासळीचा वाटा. कुणी रस्त्याने जाता जाता थांबला आणि चार हात ओढून गेला तरी पेद्रू त्याला हाक मारून मूठभर तारल्या द्यायचा. "दोरयेक हात लावलंस न्हय? मगे रिकामो खंय चल्लंस?" आणि वाटे घालताना एक वाटा माझाही निघायचा. होडीचा वाटा. माणसांच्या ओळीत माझी ढिगली वेगळी मांडलेली असायची. त्यातून माझं तेल यायचं, सुंभ यायचं. कुणी मला वस्तू म्हटल्याचं मला आठवत नाही.

आता एका रिवाजाबद्दल सांगते, कारण माझा सगळा राग त्यातूनच निघाला आहे.

आमच्या वाडीत शब्द द्यायचा तो नाळीवर हात ठेवून. दर्यात पुढे काय आहे ते पहिल्यांदा नाळीला कळतं, म्हणून तिच्यासमोर खोटं बोलायचं नाही, असं जुनी माणसं मानत. पेद्रू आणि गुरुदास यांनी रापणीत भागी केली ती माझ्या नाळीवर दोघांचे हात ठेवून. गुरुदासच्या घरी गणपती, पेद्रूच्या घरी नाताळ, पण हात ठेवायची जागा एक. कागद झाला नाही आणि भागी कधी मोडली नाही. वाडीतल्या शिवाने एकदा दारू सोडल्याचा शब्द माझ्यावर हात ठेवून दिला. पुढे ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा तो पुळणीवरून यायचं बंद करून लांबच्या रस्त्याने घरी जाऊ लागला. मला तोंड दाखवायला नको म्हणून. मित्रांनो, मोडलेल्या शब्दाची लाज तरी असावी. शिवाला ती होती.

माझी निगा फार अवघड नव्हती. पावसाळ्यात माडाच्या झापांच्या मांडवाखाली ठेवायचं. उन्हाळ्यात किनाऱ्यावर असले की रोज संध्याकाळी दर्याचं पाणी अंगावर ओतायचं, म्हणजे फळ्या सुकून सांधे उघडत नाहीत. पाणी खारंच हवं. गोडं पाणी लाकडात आणि सुंभात साचून राहिलं की ते कुजवतं; खारं पाणी राखतं. पेद्रूची मुलगी फ्लाव्हिया लहान असताना तिच्या छोट्या कळशीने हे काम करायची. तिचं पाणी माझ्यावर कमी आणि तिच्या फ्रॉकवर जास्त पडायचं. पुढे ती शिकली, सावंतवाडीच्या शाळेत शिक्षिका झाली. सुट्टीत यायची ती पुस्तकाची पिशवी घेऊन आणि माझ्या आडव्या पाटीवर बसून वाचायची. पेद्रू जाळं विणत बसलेला असायचा. दोघं तासन्‌तास एकमेकांशी काही बोलत नसत. तसं शांत बसणं मी पुढे कुणात पाहिलं नाही.

मग मोठे ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊ लागले, रात्री पांढरे दिवे लावून मासळी ओढून नेऊ लागले. रापणीत कधी कधी नुसता कचरा यायचा. रापण संघाने फायबरची हलकी होडी घेतली. माझी गरज संपली. पेद्रूने मला ना विकलं, ना फोडलं. मांडवाखाली ठेवलं आणि रोज संध्याकाळी, गुडघे दुखत असताना, बादलीने दर्याचं पाणी आणून माझ्यावर ओतलं.

गेल्या वर्षी मे महिन्यात पेद्रू गेला. बादली माझ्या बाजूला ठेवून तो पाटीवर टेकला आणि उठलाच नाही. रोज टाचा टेकून तळाच्या फळीत त्याने जो खळगा पाडला होता, त्याच्या टाचा तिथेच होत्या. दफन झाल्यावर घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, तेव्हा फ्लाव्हिया एकटी माझ्याकडे आली. मला वाटलं, आता ती रडेल. ती रडली नाही. माझ्या तळाशी बोटभर पाणी होतं, ते तिने करवंटीने उपसलं. सगळं संपल्यावरही ती उपसत राहिली. करवंटी लाकडावर खरखरत होती.

त्यानंतर काही आठवड्यांनी तो माणूस आला.

सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, एक मोठी बाग झाली आहे. तिचं नाव मी घेत नाही. माझ्या तोंडून तिला आणखी तिकिटं मिळायला नकोत. तिचा व्यवस्थापक पांढरे बूट घालून आमच्या पुळणीवर उतरला. त्याला म्हणे कोकणची परंपरा जपायची होती. "ही होडी आम्हाला द्या. छपराखाली ठेवू. तुमच्या वडिलांच्या नावाची पाटी लावू. हजारो मुलं बघतील. अगदी आमची समजून जपू." हे बोलताना त्याने काय केलं, तर माझ्या नाळीवर हात ठेवला. त्याच्या बरोबरच्या मुलाने फोटो काढला.

क्लाराने तो हात पाहिला. गुरुदासने पाहिला. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली.

फ्लाव्हिया म्हणाली, "गुरुदासकाका, काहीतरी लिहून घेऊया का?"

गुरुदासला ते आवडलं नाही. "नाळीर हात ठेवलो न्हय तेणी? आनी काय व्हया गो बाय तुका?"

फ्लाव्हियाने तो विषय सोडला. मित्रांनो, त्यांना भोळे म्हणू नका. त्यांनी आयुष्यभर ज्या खुणेवर विश्वास ठेवला आणि जी कधी फसली नाही, तीच खूण त्यांनी पाहिली. समोरच्या माणसाच्या मुलखात हात नुसताच ठेवतात, हे त्यांना कुठून माहीत असणार?

मला टेम्पोत घालून वर नेलं. दर्या मागे पडला आणि पुन्हा दिसला नाही.

बागेत पोचल्यावर माझ्याबरोबर जे झालं ते मी थोडक्यातच सांगते. छप्पर नव्हतं. पाटी होती, ती काही दिवस होती. मग एक दिवस ड्रिल मशीन आलं आणि माझ्या तळाला भोकं पाडली. होडीला भोक! मी जन्मभर एकच काम केलं होतं, पाणी बाहेर ठेवायचं. आता माझ्यात लाल माती भरली, पिटुनियाची रोपं लावली आणि रोज नळीने गोडं पाणी सोडलं. ते निथळून जावं, फुलांची मुळं कुजू नयेत, म्हणून ती भोकं. फुलांच्या मुळांची काळजी होती. माझं सुंभ कुजत होतं, त्याची कुणाला नव्हती.

त्यानंतर मला काळा रंग फासला. निळं नाव त्याखाली गेलं. मधोमध बांबू उभा करून त्यावर कवटीचं निशाण लावलं. पाटी बदलली: 'चाच्यांचे जहाज, फोटो पॉइंट'.

चाचे म्हणजे दर्यावरचे लुटारू. ज्याने दोरीला हात लावलेल्या कुणालाही रिकाम्या हाताने घरी पाठवलं नाही, त्याच्या होडीवर लुटारूंचं निशाण. यावर मी काय बोलू?

यंदा मे महिन्यात, चर्चमध्ये पेद्रूची वर्षाची मिसा झाल्यावर, घरची माणसं मला बघायला आली. फ्लाव्हिया, तिची मुलगी रिशेल, क्लारा आणि गुरुदास, त्याच्याच टेम्पोने. चांगले कपडे घालून, जसं एखाद्या नातलगाला भेटायला जावं तसं. क्लाराने येताना डब्यातून दर्याचं पाणी आणलं होतं, मला घालायला. फाटकावर काय झालं ते मला नंतर रिशेलच्या बडबडीतून कळलं.

"बाहेरचा पाणी आत नेवक गावचा नाय," रखवालदार म्हणाला. "आत बाटली मिळता."

"आत दर्याचा पाणी मिळता?" क्लाराने विचारलं.

त्याने डबा उघडून वास घेतला. "आजये, ह्या खारा पाणी घेऊन तू करतलंस काय?"

"होडयेक घालतलंय."

"खंयच्या होडयेक?"

"माज्या."

म्हातारीचं डोकं फिरलेलं दिसतं, असं समजून त्याने सोडून दिलं. तिकिटाच्या खिडकीवर मोठा फोटो लावला होता. त्यात तो व्यवस्थापक होता, माझ्या नाळीवर हात ठेवलेला, आणि मी होते, काळा रंग लागण्याआधीची, निळ्या नावाची. खाली लिहिलं होतं, 'आम्ही परंपरा जपतो'. क्लारा त्या फोटोसमोर बराच वेळ उभी होती. तिला फार बरं वाटलं, असं रिशेल सांगत होती.

मग ती माणसं बागभर मला शोधत फिरली. तारेच्या सांगाड्यावर वेली चढवून केलेलं फुलपाखरू झालं. जपानी बाग आणि तिचा लाल पूल झाला. मेंदीच्या झुडपांचे डायनासोर झाले. रिशेलला डायनासोर आवडला. ती नऊ वर्षांची आहे आणि तिला आवडणारच. काळ्या कातळावर बाहेरून आणलेली हिरवळ होती, तिच्यावर चालू नये अशी पाटी होती. क्लाराचे पाय दुखायला लागले. "होडी खंय आसा?" ती प्रत्येक वळणावर विचारत होती.

मी त्यांना लांबूनच ओळखलं. गुरुदासचं ते एका बाजूला झुकून चालणं, फ्लाव्हियाची मान. ती माझ्या समोर आली आणि मला ओलांडून पुढे गेली. मला हाक मारता येत नाही. वादळात माझी उलांडी, तोल सांभाळणारं बाजूचं लाकूड, मोडली तेव्हा मी घाबरले नव्हते, तितकी त्या क्षणी घाबरले.

बागेतली वाटाड्या मुलगी नम्रता ध्वनिवर्धकावर सांगत होती, "मंडळी, आपण आलो आहोत चाच्यांच्या खाडीत! याच जहाजातून दर्यावर लूटमार व्हायची. रांगेत या, एकेकाने फोटो काढा!" शाळेच्या सहलीची मुलं रांगेत उभी होती.

फ्लाव्हिया तिला विचारायला गेली. "आमची एक होडी इथे दिली आहे. रापणीची. ती कुठे ठेवली आहे?"

"होडी?" नम्रताने ध्वनिवर्धक खाली घेतला. "इथे दुसरी होडी नाही ताई. हे जहाजच आहे एक."

एवढ्यात क्लाराला उभं राहवेना. बसायला जवळ काही नव्हतं, म्हणून ती माझ्या कडेवर टेकली. तोल सावरायला तिने हात मागे टेकला. तो माझ्या शिवणीवर पडला. काळ्या रंगाचा जाड थर होता, पण रंग पीळ लपवू शकत नाही. तिची बोटं थांबली. मग सरकली. मग पुन्हा मागे आली.

"फ्लाव्हिया," ती म्हणाली. "ह्यो पीळ माजो."

"खंयचो पीळ, माय?"

"हय हात लाव. उलटो आसा."

फ्लाव्हियाने हात लावला. तिच्या बोटांना ते कळलं असेल की नाही, मला माहीत नाही. तिने माझ्या नाळीवरचा काळा पोपडा नखाने खरवडला. आतून निळा रंग निघाला. ती खरवडत राहिली आणि 'क्लारा' वर आलं.

रांगेतल्या एका गृहस्थांना घाई होती. "आजी, जरा उठता का? मुलांचा फोटो राहिलाय."

"उठतली," गुरुदास म्हणाला. त्याचा आवाज मी एवढा खाली गेलेला कधी ऐकला नव्हता. "तेच्या आदी तू तुज्या पोरांक सांग, ह्या होडयेत चाचे नाय होते. पेद्रू होतो."

नम्रताने ध्वनिवर्धक बंद केला आणि व्यवस्थापकाला बोलावून आणलं. तो हसत आला. पांढरे बूट तेच.

"नमस्कार! बघा, तुमच्या बोटीला आम्ही नवं आयुष्य दिलं. सगळ्यात जास्त फोटो इथे निघतात."

"छपराखाली ठेवणार होतात," फ्लाव्हिया म्हणाली.

"छपराखाली फोटो काळे येतात हो मॅडम."

"वडिलांच्या नावाची पाटी लावणार होतात."

"लावली होती की! पण लोक वाचत नाहीत. लोकांना थीम लागते."

फ्लाव्हियाने आवाज चढवला नाही. ती शिक्षिका आहे. आवाज न चढवता कसं बोलावं हे तिला येतं. "तुम्ही नाळीवर हात ठेवून शब्द दिला होता."

"कशावर?"

"हिच्या या टोकावर. फोटो तुमच्या खिडकीवर लावलाय."

त्याला क्षणभर कळलंच नाही. मग तो मोकळेपणाने हसला. "अहो, तो फोटोसाठी! हात कुठेतरी ठेवायचा म्हणून ठेवला."

मित्रांनो, तो खोटं बोलत नव्हता. हे मी तेव्हापासून घोळवते आहे. लबाड माणूस असता तर मला कमी राग आला असता. त्याला खरंच काही वाटलं नव्हतं. हात कुठेतरी ठेवायचा म्हणून ठेवला.

गुरुदासने मान खाली घातली. "फ्लाव्हिया, तू बोलललंस. लिहून घेवया म्हणून."

"काका, तुमचं चुकलं नाही," ती म्हणाली. "शब्द तुम्ही मोडलेला नाही."

क्लाराने या सगळ्यात भाग घेतला नव्हता. तिने डबा उघडला, दर्याचं पाणी माझ्या नाळीवर हळूहळू ओतलं. वर्षाने माझ्या अंगावर खारं पाणी पडलं. मग ती वाकून पिटुनियाचं एक रोप मुळासकट, माती न सांडता, अलगद उपटू लागली.

"आजी, ओ आजी! झाडांना हात लावायचा नाही!"

"झाडांची चूक नाय," क्लारा म्हणाली. तिने ते रोप रांगेतल्या पहिल्या मुलीच्या ओंजळीत ठेवलं. "घराक नी, कुंडयेत लाव." दुसरं रोप दुसऱ्या मुलाला. रिशेल तिच्या बाजूला बसून माती उकरू लागली. मुलं ओंजळी पुढे करत होती. पेद्रू असाच वाटायचा, रोजच्या पाहुण्याला, रस्त्याने जाणाऱ्याला. शिक्षक 'नको, नको' म्हणत होते आणि हातात मोबाइल घेतलेली माणसं चित्रीकरण करत होती.

ते मोबाइल पाहून व्यवस्थापकाचं हसू गेलं. "ठीक आहे, ठीक आहे. असं करा, आठवण म्हणून एखादा तुकडा घेऊन जा. पूर्ण बोट नाही देता येणार, थीम बिघडते."

"तुकडो," क्लारा म्हणाली.

गुरुदासने माती बाजूला करून माझ्या तळाच्या शिवणीत बोट घातलं. सुंभ भिजलेल्या तंबाखूसारखं त्याच्या बोटांत आलं. "गोड्या पाण्यान खाल्ल्यान गो वयनी. ही उचलली तर वाटेतच सुटतली."

तेव्हा फ्लाव्हियाने ठरवलं. "नाळ द्या," ती व्यवस्थापकाला म्हणाली. "तुम्ही जिच्यावर हात ठेवलात, ती."

नाळ मातीच्या वर होती, तिचं सुंभ अजून धड होतं. तिथली गाठ क्लाराने लग्नाच्या वर्षी मारलेली. ती सोडायची कुठून, हे तिलाच ठाऊक. डाव्या हाताने तिने रंगाच्या पोपड्याखालून तिचं टोक शोधलं आणि एकेक टाका उसवत गेली. मला दुखलं का, असं तुम्ही विचाराल. ड्रिल लागलं तेव्हा दुखलं होतं. हे दुखणं वेगळं होतं. जिने शिवलं तीच उसवत होती. गुरुदासने मला खांद्यावर घेतलं.

फाटकावर रखवालदार पुन्हा आडवा आला. "आजये, ह्या काय भायर नेतंस?"

"येताना पाणी हाडललंय, ता संपला," क्लारा म्हणाली. "आता होडी नेतंय."

त्याने माझ्यावरचं निळं 'क्लारा' वाचलं, मग तिकिटाच्या खिडकीवरच्या फोटोकडे पाहिलं. फाटक त्याने स्वतः उघडलं.

आज मी रापण संघाच्या फायबरच्या होडीत, पुढच्या बाजूला, चार बोल्टांनी बसवलेली आहे. बोल्ट मला आवडत नाहीत. पण गुरुदासने ते प्रत्येक वेळी 'बाय, जरा सोस' म्हणत घट्ट केले, म्हणून सोसले. वाट्यांच्या ओळीत माझी ढिगली आता पुन्हा निघते. रापणीत मासळी कमीच असते, तरी निघते.

माझं बाकीचं अंग मात्र तिथेच आहे. त्यात पुन्हा माती भरली, नवी फुलं लावली. नाळीच्या जागी प्लास्टिकचा सिंह बसवला आहे, असं नम्रताने फ्लाव्हियाला फोनवर कळवलं.

ते ऐकलं त्या संध्याकाळी रिशेल माझ्याजवळ आली. तिने डावा हात माझ्यावर ठेवला आणि म्हणाली, "मी तुका सगळी घराक हाडतलंय."

मागे फ्लाव्हिया उभी होती, हातात बादली. "रिशेल, ह्यो हात आसा," ती म्हणाली. "फोटोसाठी नाय. जमात तरच ठेव."

रिशेलने हात काढला नाही. मग फ्लाव्हियाने बादली खाली ठेवली आणि आपला हात मुलीच्या हाताशेजारी ठेवला. पेद्रू गेल्यापासून पहिल्यांदाच ती रडली, आणि हात मात्र तिने हलवला नाही.

मित्रांनो, माझ्यापाशी तुम्हाला सांगण्यासारखं एवढंच आहे. जुन्या वस्तूजवळ फोटो काढायला उभे राहाल, तेव्हा ती कुणाची होती ते आधी विचारा. एखादी गोष्ट जपतो म्हणाल, तर तिला कुठलं पाणी लागतं ते शिकून घ्या. आणि हात कुठेतरी ठेवायचा म्हणून ठेवू नका. तुम्ही विसरता, ज्यावर ठेवला ते विसरत नाही.

माझ्यावर पेद्रूचा हात आहे, गुरुदासचा आहे, शिवाचाही आहे. आता त्या दोघींचे आहेत. त्या पांढऱ्या बुटांच्या माणसाचा हातही आहे. रोज पहाटे दर्या माझ्या तोंडावर खारं पाणी मारतो. त्याचा हात अजून धुऊन गेलेला नाही, आणि तो शब्द पाळेपर्यंत मी तो धुऊ देणार नाही.